रडलं होतं का?

नर्सबाईंना लोक मागून ‘मोजणीबाई’ म्हणत. जिल्ह्यात कुठे वर्षाच्या आतलं मूल गेलं, की फॉर्म घेऊन बाई दारात हजर. वजन किती भरलं, ताप होता का, दवाखान्यात न्यायला उशीर का झाला, सगळं खोदून विचारायच्या. पण पहिला प्रश्न ठरलेला: बाळ रडलं होतं का? रडलं असेल तर ते जन्मलं आणि गेलं. जिल्ह्याच्या बालमृत्यूंत धरायचं. नसेल तर मृतजन्म, त्याचा कागदच वेगळा. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांचा जीव त्या दुसऱ्या कागदावर.

“बाई, नीट विचारत जा. उगाच आकडा फुगतो.”

“साहेब, रडणं काय मी घरून घेऊन जाते?”

अशा खमक्या बाईंनी एकाच बाळाबद्दल मात्र एकतीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. स्वतःच्या. बाळंतपणात त्यांची शुद्ध हरपली होती. जाग आली तेव्हा सासू म्हणाली, “मेलेलंच उपजलं,” आणि विषय मिटला. पुढे नवरा गेला, सासू गेली. खरं सांगणारी उरली त्या बाळंतपणाची सुईण, नव्वदीला टेकलेली. बाई तिची गल्ली टाळायच्या. रडलं नव्हतं म्हणाली तर? आणि रडलं होतं म्हणाली तर? इकडे आड, तिकडे विहीर.

सुईण आता फार दिवस काढत नाही असं कळलं, तेव्हा बाई भरदुपारी तिच्या खाटेपाशी जाऊन बसल्या.

“मावशी, माझं बाळ रडलं होतं का?”

म्हातारीने त्यांचा हात हातात घेतला. “रडलं गं. दोनदा. सातव्या महिन्यातली पोर, एवढीशी. छातीशी धरून बसले होते मी. चुलीवरचं पाणी तापेपर्यंत होती. तुझी सासू म्हणाली, मेलेलीच झाली म्हणून सांग, लवकर विसरेल.”

पोर! मुलगी होती, एवढंही बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना सासूचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा.

घरी येऊन त्यांनी कोरा फॉर्म काढला. इतकी जुनी नोंद कुणी घेणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी लिहायला बसल्या. मुलगी. वय, काही मिनिटं. कारण, अपुरे दिवस. पुढचा रकाना होता आईच्या नावाचा. तिथे हजारो बायकांची नावं त्यांनी झरझर लिहिली होती. आज हात थांबला. मग त्यांनी सावकाश आपलं नाव घातलं. जगात त्यांना आई म्हणणारा हा पहिलाच निघाला, एक छापील कागद.