ताईंचे आठशे मीटर

उडी मारून वाळूतून उठलं की आम्ही मुली मोजपट्टीकडे बघायचो आणि ताई आमच्या गुडघ्यांकडे. "दुखतंय का कुठं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उडी किती गेली, हे नंतर. नाही म्हटलं तरी त्यांना खरं वाटत नसे. चालायला लावायच्या आणि मागे उभं राहून चाल बघायच्या. शाबासकी मात्र क्वचितच मिळायची.

दिघीत लष्कराच्या कुंपणाला लागून मोकळं मैदान होतं. पहिली शिफ्ट संपवून ताई तिथे यायच्या, अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच. माझे वडील लातूरकडून आलेले, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर. पोरगी खेळात पुढे गेली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल, एवढ्या आशेवर त्यांनी मला ताईंकडे आणून सोडलं. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणाले. "मॅडम कंपनीत पुष्कळ हायेत," त्या म्हणाल्या. "हितं ताई म्हनायचं."

ताई चाकणजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. एके काळी लांब उडीत राज्यात पहिली यायची आणि हेप्टॅथलॉन खेळायची. म्हणजे दोन दिवसांत सात प्रकार. पहिल्या दिवशी अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि दोनशे मीटर; दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि शेवटी, अंगात काही उरलेलं नसताना, आठशे मीटर. हे सगळं आम्हाला इतरांकडून कळलं. ताई स्वतः त्यातलं काही बोलत नसत. डावा पाय ओढत चालायच्या. पायरी चढताना कुणी हात पुढे केला तर तो बाजूला सारायच्या. पिशवीत गोळ्यांची पाकिटं असायची आणि सराव सुरू करायच्या आधी त्या एक गोळी घ्यायच्याच. एवढ्या गोळ्या कशाला, असं एकदा मी विचारलं. "कंपनीत लाइनवर उभं ऱ्हावं लागतंय," त्या म्हणाल्या. "खुर्ची न्हाई तिथं."

मीही हेप्टॅथलॉनच खेळायला लागले. जिल्ह्याच्या निवड चाचणीत दुसऱ्या दिवशी लांब उडी मारताना माझा गुडघा मुरगळला. भाला आणि आठशे मीटर राहिले होते. माझी निवड होणार हे जवळपास नक्की होतं. गुडघा सुजत होता, तरी मी पळते म्हणाले. ताईंनी सूज बोटाने दाबून बघितली, माझ्या छातीवरचा नंबर काढला आणि पंचांच्या टेबलाशी जाऊन माझं नाव मागे घेतलं.

रजा टाकून आलेले माझे वडील कासावीस झाले. "ताई, दोनच राहिलेत की. पळते म्हणायलीय ती."

"न्हाई."

"तुम्ही नाही का पळालात, मोडक्या पायानं? सगळे सांगतेत."

"व्हय, पळाले," ताई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ती हकीकत ऐकली.

देशपातळीवरची स्पर्धा होती. लांब उडीत त्यांचा डावा गुडघा गेला. सोबतची माणसं म्हणाली, एवढं करून आता सोडू नकोस, राज्याचं नाव आहे. गुडघा करकचून बांधला. भाला फेकला. आठशे मीटर पळाल्या, म्हणजे शेवटची फेरी जवळजवळ फरफटत. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्या शेवटच्या आल्या. पदक नाही. गावात मात्र मिरवणूक निघाली.

"उडीत नुसतं लिगामेंट तुटलं व्हतं," त्या वडिलांना म्हणाल्या. "डॉक्टर म्हनला, तवाच थांबली असतीस तर पुन्ना खेळली असतीस. बाकीच्या गुडघ्याचं पीठ त्या आठशे मीटरनं केलं. टाळ्या वाजवनारी घरी गेली, भाऊ. पाय माझ्यापाशी ऱ्हायला."

वडिलांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला मैदानावर पाठवणं बंद केलं. मी बी.कॉम. झाले. आता आकुर्डीत एका ऑफिसात काम करते.

ताईंना खेळामुळे नोकरी मिळाली होती, ती ऑफिसात. खेळणं थांबल्यावर त्यांना असेंब्ली लाइनवर पाठवलं. लग्न ठरलं होतं, ते पायामुळे मोडलं. दिवसभर उभं राहायचं म्हणून गोळ्या, आणि वर्षानुवर्षांच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी त्यांना भेटायला जायला लागले. जवळ त्यांची म्हातारी आई बसलेली असायची. ताईंचा चेहरा सुजलेला, हात काळेनिळे.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "गुडघा दुखतो का गं तुझा?"

"नाही, ताई."

"मांडी घालून बसता येतंय?"

"येतं की."

"बस बरं."

मी तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. त्या मान वळवून बराच वेळ माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. मग डोळे मिटून घेतले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

दशक्रिया नदीकाठच्या घाटावर झाली. प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. तालुक्यातले एक पुढारी म्हणाले, "गुडघा तुटला तरी आमची ही वाघीण थांबली नाही. आजच्या मुलींनी हा आदर्श घ्यावा." पुढच्याच रांगेत गावच्या शाळेतल्या खेळाडू मुली बसल्या होत्या. त्या मान डोलावत होत्या.

ताईंची विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला मला उठवलं. बोलायचं ठरवून आलेलं सगळं मी विसरले. मुलींकडे बघून म्हणाले, "ताईंना ती शर्यत पळाल्याचा आयुष्यभर पश्चात्ताप होता. त्या शर्यतीनं त्यांचा पाय नेला, आणि पाय गेल्यामुळेच पुढचं सगळं झालं."

घाटावर कुजबुज सुरू झाली. सूत्रसंचालक उठले आणि "मॅडम, वेळ कमी आहे," म्हणत त्यांनी माइकला हात घातला.

बायकांमध्ये बसलेली ताईंची आई कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेत उभी राहिली.

"बोलू द्या तिला," ती म्हणाली. "माझी पोरगी हेच म्हनायची."

सूत्रसंचालकांनी माइक सोडला. मी त्या मुलींना जवळ यायला सांगितलं आणि पुढचं बोलायला लागले.