मायचा दुपारचा फोन

पुण्यात मी ज्या ऑफिसात लागले, तिथे पहिला दीड महिना फक्त बोलायला शिकवलं. परदेशातल्या लोकांच्या हॉटेल-बुकिंगच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, तर आपण कुठले हे आवाजावरून कळता कामा नये. इंग्रजी मला जमलं. अडचण मराठीची झाली. जेवणाच्या सुट्टीत मी "डबा विसरून आल्ते" म्हणाले की टेबलावरच्या मुली हसायच्या. वाईट नव्हत्या त्या. पण दिवाळीपर्यंत मी 'आले होते' म्हणायला लागले, आणि कधीपासून, ते माझं मलाही कळलं नाही.

वाटूरला घरी माय एकटीच. वडील मेंढरं घेऊन महिनोन्महिने बाहेर. ती शेतातून दुपारी आली की मला फोन करायची. एकदा ऑफिसात जेवताना तिचा फोन आला; माझे हात खरकटे होते, म्हणून मैत्रिणीने फोन स्पीकरवर लावून दिला.

"काय करून राह्यली गं? जेवलीस का न्हाई? दोन दिवस झाले, बिलकुल आवाज न्हाई तुहा, मंग मी म्हनलं..."

"काय करून राह्यली गं?" समोरच्या मुलीने हेल काढून म्हटलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. "कामात असशील," म्हणून मायने फोन ठेवला.

पुढच्या वेळी वाटलं, दुसरंच कोणी बोलतंय. "जेवण झालं का? तब्येत बरी आहे ना?" एकेक शब्द चाचपून, बँकेत साहेबासमोर बोलावं तसं.

"माय, अशी काय बोलतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. 'न्हाई' नाही, 'नाही'.

संक्रांतीला गावी गेले. माय ओट्यावर शेजारच्या काकूंना हातवारे करकरून काहीतरी सांगत होती आणि काकू पोट धरून हसत होत्या. मी चहा घेऊन बाहेर आले, तशा दोघी सावरून बसल्या. "खुर्ची घे ना," माय मला म्हणाली. त्या दोघी मात्र खालीच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शेवटचा कापूस वेचायला आम्ही दोघीच रानात होतो. काय बोलायचं ते मी सकाळपासून मनात घोकत होते. "माय, त्या दिशी मी हसले, चुकलं माहं. तू पह्यल्यासारखं बोल. मला तुहं बोलनं लई आठवून राह्यलंय."

तोंडातून निघालं ते त्या मुलीच्या नकलेसारखंच. मायचे हात थांबले.

"आता घरी येऊनबी चेष्टा करतेस का?"

मी शपथा घेतल्या, रडले. "बरं, बरं," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीला लागली.

त्याला दोन वर्षं झाली. फोन आता आठवड्याला एकदा येतो. पाऊस कसा आहे, वडील कुठवर पोचले, एवढं सांगून ती ठेवते. गेल्या महिन्यात तिला चार दिवस ताप होता, ते मला काकूंकडून कळलं. मी लगेच फोन लावला.

"मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "अंगात ताप होता. नीट बोलता आलं नसतं."