दहापैकी सहा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो.

मी आमदार झालो. इकडे सुरतेत धारासभ्य म्हणतात, पण आपली खानदेशी मंडळी मला अजून 'सर'च म्हणतात. का म्हणणार नाहीत? बावीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. अर्धा मतदारसंघ माझ्या छड्या खाऊन मोठा झालाय. तरी निवडून दिलं, हे त्यांचे उपकार.

पहिल्याच महिन्यात विमलमावशी आल्या. त्यांचा मुलगा पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये. हातात अर्ज: गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना बसायला दहा बाकडे द्या. नातीनं लिहिलेला, गुजरातीत.

मी वाचायला घेतला आणि लाल पेन हातात कधी आलं, कळलंच नाही! आता बावीस वर्षांची सवय शपथविधीनं जाते का? दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, गोल केले. समास सोडलेला नव्हता. खाली लिहिलं ६/१०, सही ठोकली, अर्ज महापालिकेत रवाना.

पंधरा दिवसांनी गल्लीत बाकडे आले. सहा.

"सर, आमना चार बाकडा कथा गयात?" मावशींनी दारातूनच विचारलं. मागे बारा बायका.

"कुठे जातील? येतील."

"शेजारच्या गल्लीले दिधात म्हणे. तठे तुमना साडू ऱ्हातस."

साडू तिथे राहतात, हे खरं. पण बाकडे नव्हते हो! कोण ऐकतंय? संध्याकाळपर्यंत दोन्ही गल्ल्यांचं बोलणं बंद. साडूंचं माझ्याशी बंद. बायकोचंही.

धावत महापालिकेत गेलो. कारकुनानं शांतपणे अर्ज काढून पुढे ठेवला आणि माझ्या ६/१० वर बोट ठेवलं.

"साहेब, तमे ज लख्युं छे. दसमांथी छ!"

"अहो, ते मार्क आहेत!"

"मार्क? कोना?"

"अर्जाचे."

मग त्यानं पाणी मागवलं. माझ्यासाठी.

म्हटलं, आत्ताच दुरुस्त करतो. पण दिलेले मार्क खोडायचे नसतात, हा माझा नियम. म्हणून बाजूला 'फेरतपासणी' असं लिहून ठळक अक्षरांत १०/१० केलं. खाली सही.

दुसऱ्या दिवशी नेमका तो कारकून रजेवर गेला. त्याच्या जागी आलेल्यानं अर्ज वाचला, आणखी दहा बाकडे पाठवले.

सोळा! ज्या गल्लीतून एक रिक्षा कशीबशी जायची, तिथून आता सायकलही जाईना. गॅसवाला सिलिंडर कोपऱ्यावर ठेवून हाका मारतो. एका आजीबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, तर चार जणांनी त्यांना बाकड्यांवरून हातोहात पलीकडे नेलं. आणि प्रत्येक बाकड्यावर, हे विसरू नका, माझं नाव. ठसठशीत.

परवा विमलमावशी परत आल्या. नवा अर्ज: सहा बाकडे उचला. मी पेन उघडणार, इतक्यात मावशींनी पिशवीतून शाईचा पॅड काढून टेबलावर ठेवला.

"सर, आते तुमी काहीच लिखू नका. अंगठा लावा."

लावला.