नाखव्याच्या फसलेल्या बाटल्या

नाखवा फसलेली बाटली कधी फेकत नसे. आमच्या प्रयोगशाळेतला हा सहायक उरणच्या कोळीवाड्यातला. होडी बापाची, हा कधी समुद्रात गेला नाही. तरी नाखवा, म्हणजे होडीवाला, हे नाव पडलं ते पडलं. बिघडलेल्या प्रत्येक बाटलीवर तारीख आणि कारण लिहून तो ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवी. मी चिडलो की म्हणे, "सायेब, ह्या पन आपल्याच हायेत. साक्षीला लागतील."

शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत आम्ही कॅन्सरचं औषध भरत होतो. ते गाठीपाशी पोचून हळूहळू सुटायला हवं होतं. नाखवा संशोधनाला आलेल्या नव्या मुलींना समजावी, "होडी माल उतरवल्यावर विरून गेली पायजे. मधीच फुटली तर काय कामाची?" पॉलिमरचं द्रावण तो पाण्यात थेंबथेंब सोडी आणि बाटली खिडकीकडे धरी. दुधट पाण्याला निळसर झाक दिसली, तरच कण बारीक झाले. मशीन नंतर तेच सांगे.

आमचे कण मात्र मधेच फुटत. पहिल्याच दिवशी औषध बाहेर. नाखव्याने प्रत्येक बॅच वहीत नोंदली. मी शोधनिबंधात जमलेल्या दोनच दाखवल्या. इतर प्रयोगशाळांना तसे कण जमेनात, तेव्हा चौकशी बसली.

तो वही आणि बाटल्यांचा डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. "कमिटीला तुमीच दाखवा. मी दाखवलं तर तुमच्या पाठीमागं बोलल्यासारखं व्हईल."

मी डबा आणि वही ठेवून घेतली. समितीला सांगितलं, सहायकाने वजनं चुकवली, नोंदी ठेवल्या नाहीत. बाटल्या मीच नष्ट केल्या. वही मात्र टाकवली नाही.

त्याला काढलं. दारात थांबून एवढंच म्हणाला, "मी बाटलीवर तरी खरं कारन लिवत होतो, सायेब."

पुढे तो उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात लागला. मी सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये निवृत्त झालो, सत्कारासकट.

गेल्या आठवड्यात वही घेऊन उरणला गेलो. शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं : 'सर्व बॅच सहायकाने नोंदल्या होत्या. लपवल्या मी.' खाली सही. प्रत संस्थेकडे पाठवली होती. नाखव्याने चष्मा लावला, सावकाश वाचलं. मला 'बसा' म्हणाला नाही.

"तारीख नाय टाकली."

मी पेन काढून भेटीच्या दिवसाची तारीख घातली. त्याने नकारार्थी मान हलवली.

"आजची नको. डबा घेतलात त्या दिवशीची टाका."

ती मला पाठ होती.