संताजीचा न दिसणारा प्रोग्राम

१९९८ साली संताजी पुण्याहून बंगळुरात आला आणि इंदिरानगरच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहू लागला. घरचे विचारत, करतोस काय? तर तळहाताएवढ्या एका यंत्राच्या पडद्यावर डायरी दिसे. संताजीचा प्रोग्राम तिच्या मागे गुपचूप चाले आणि कारखान्यातल्या कुठल्या लेथला तेल घालायची वेळ झाली की ‘टुंग’ करी. झालं, एवढंच. इंजिनिअरिंगची चार वर्षं घासली ती या टुंगसाठी!

यंत्र शहराबाहेरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चाचणीला दिलं होतं. तिथल्या सुपरवायझर अहल्याक्का म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, मराठीत कानडी मुरलेल्या. यंत्र दिवसभर चाललं असं त्यांनी लिहून दिलं तर संताजीची नोकरी पक्की, नाहीतर बाडबिस्तरा उचलायचा. आणि दोन दिवस झाले, सेल भर दुपारीच मान टाकत होते. साहेबांनी आणखी एकच दिवस दिला.

दोष शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कुलूप लावल्यावर चारदा ओढून बघणाऱ्या माणसाने प्रोग्रामही तसाच लिहिला होता. दर सेकंदाला उठून तो विचारायचा, ‘झाली का वेळ?’ यंत्र बिचारं डोळा लावणार कधी? खरं तर यंत्रातल्या घड्याळालाच ‘वेळ झाली की उठव’ असं सांगून खुशाल निजता येत होतं. पण घड्याळावर विश्वास टाकेल तो संताजी कसला! कपाळाला हात लावून त्याने दोनशे ओळी उपटल्या आणि चार लिहिल्या. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी यंत्र नऊला पीण्यात पोचलं. साडेनऊला संताजीने फोन लावला, “अक्का, चाललंय ना?” चाललं होतं. पण फोन ठेवताक्षणीच सेल उतरले असतील तर? म्हणून दहाला लावला. मग अकराला, बाराला, जेवणाच्या सुट्टीत दोनदा. जीव नुसता टांगणीला लागला होता.

चारला अहल्याक्का शांतपणे म्हणाल्या, “यंत्र सरी आहे, बरोबर चाललंय. तसं लिहून देते मी. पण तुम्ही स्वल्प थांबा हो. तुमच्या फोनसाठी अख्खी शेड ओलांडून यावं लागतं, पाय गेले माझे.”

“सॉरी अक्का, आता नाही करणार,” संताजी म्हणाला, आणि सुटलो एकदाचे म्हणून चहाला गेला.

साडेचारला त्याने पुन्हा फोन लावला. लिहून दिलं का, तेवढंच विचारायचं होतं.