दुकानं पाहणारे मामा

उभ्या सोलापुरात दुकानात शिरून काहीही विकत न घेणारा एकमेव गृहस्थ म्हणजे आमच्या आईचे मावसभाऊ. हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांचा ध्यास एकच: दुकानं कुठं बसतात, केवढी होतात आणि का. दिवेलागणीला ते मला भुईकोटाजवळच्या उंचवट्यावर नेत आणि खाली मिणमिणणाऱ्या पेठेकडे बोट करून पुटपुटत, "बघ, बारके दिवे पसरलेत, मोठे मोजकेच. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही!" सुट्टीत टेंभुर्णीला गेले तरी तिथल्या बाजारात त्यांना हाच नमुना लहान होऊन दिसायचा. परतल्यावर दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नसे. मामी म्हणायच्या, "यांच्या ताटात आमटी वाढली काय नि पाणी वाढलं काय!"

एकदा शेजारची एक विणकर विधवा त्यांच्याकडे आली. नवरा गेल्यावर माग विकून तिनं लुगड्यांचा थोडा माल भरला होता. राहत्या गल्लीतच दुकान काढायचं तिच्या मनात होतं.

"मास्तर, तितं दुसरं दुकान न्हाय. समदं गिऱ्हाईक माझंच की!"

मामा दचकून उठले. "अहो बाई, मीठ लागलं तर माणूस कोपऱ्यावर जातो. लुगडं घेणारा दहा दुकानं हिंडायच्या तयारीनं निघतो. तुमच्या गल्लीत तो येईलच कशाला? कापडवाल्यांच्या ओळीत बसा."

"त्या बड्या लोकांत माझ्याकडं कोन बघनार?"

"त्यांच्याकडे बघायला आलेलाच तुमच्याकडे बघेल."

आयुष्यात कुणापुढं शब्द न टाकलेले मामा दुसऱ्या दिवशी ओळीतल्या थोरल्या कापडवाल्याकडे गेले. त्यानं विचारलं, "मास्तर, माझ्याच दारात मीच स्पर्धा उभी करू?" मामा तासभर बोलले. कापडवाल्याला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण शेवटी त्यानं हात जोडून जिन्याखालची जागा दिली. पहिले दोन महिने बाई नुसती बसून राहिली. मामा पेठेकडे फिरकेनात, उंचवट्यावरही नेईनात. मग लग्नसराई आली. वैरागकडच्या गाड्या उतरल्या, मोठ्या दुकानांतली गर्दी जिन्याखाली सांडली आणि एका संध्याकाळी बाई पेढे घेऊन आली. मामा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले.

मामी गेल्यावर ते मुलीकडे वेळापूरजवळच्या खेड्यात राहायला गेले. मी भेटायला गेलो, तर गावातल्या एकुलत्या एक दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी थट्टेनं विचारलं, "मामा, इथला हिशेब काय म्हणतो?"

"इथं हिशेबाला काही नाही रे," ते हसून म्हणाले आणि मला जागा करून देत जरा सरकले. "पण दुपारी घर फार शांत असतं. इथं कुणी ना कुणी येतं."

आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिलो.