लिफ्टमध्ये न मावलेली फळी

बंड्या,

माझी पाठवणी झाली तेव्हा टेम्पोत कपाट, गाद्या आणि भांड्यांची गोणी चढल्यावर आबांनी सगळ्यांच्या वर ती सर्फिंगची नऊ फुटी फळी काथ्याने आवळून बांधली. बाहेर आलेल्या टोकाला तू लाल फडकं लावलंस. नवरी सासरी समुद्र घेऊन चालली, म्हणून बायका पदराआड हसल्या. मी रडत होते, पण डोळा दोरीच्या गाठींवर होता.

आपल्याकडे दोन महिने राहिलेला गोव्याचा सर्फिंगचा शिक्षक जाताना ती ठेवून गेला होता. नवशिक्याला लांब, रुंद, जाड फळीच हवी, ती तोल सांभाळून घेते, असं तो सांगायचा. आबा स्वतः कधी फळीवर उभे राहिले नाहीत, पण होडीवाल्या माणसाला ते लगेच पटलं. "गो बाय, डोक्याच्या वर अडीच हात उरली पायजे," म्हणून माझ्यामागे फळी उभी करून त्यांनी हाताने मोजली होती.

इथे शहरात, गोडदेवला, आमची खोली चौथ्या मजल्यावर. वॉचमन फळीकडे बघून म्हणाला, "मॅडम, ये ऊपर नहीं जायेगा." लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकली. खिडकीतून दोरीने ओढून घ्यावी म्हटलं, तर खिडकीला ग्रिल. ग्रिल काय मी आधी पाहिलं नव्हतं? पण आपण त्याच्या आतल्या बाजूला आहोत, हे त्या दिवशी कळलं.

फळी मीटरच्या खोलीपाशी उभी राहिली आणि सोसायटीची नोटीस आली. नवरा काशीमीऱ्याला गॅरेजमध्ये, माणूस साधा. म्हणाला, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." इथे अंथरूण पसरलं की पाय भिंतीलाच लागतात, हे त्याला कोण सांगणार!

इथली माणसं फ्रिज असो, सोफा असो, आधी लिफ्ट मोजतात आणि मग दुकानात जातात. मीही शिकले. कपाटामागची जागा टेपने मोजली आणि मोबाइलवर जाहिरात बघून नऊ फुटीच्या बदल्यात सहा फुटी फळी घेतली. लिफ्टमध्ये अलगद मावली. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

त्या वर्षी शिमग्याला ती घेऊन माहेरी आले, आठवतं? दहा वेळा चढले, दहा वेळा तोंडात खारं पाणी. आबा वाळूत बसून बघत होते. "फळी अंगाच्या मापान घेतात गो, खोलीच्या मापान नाय." मला असा राग आला! म्हटलं, "या ना चौथ्या मजल्यावर राहायला!" माझेच ते शब्द मला अजून टोचतात. ती फळी आता माळ्यावर आहे, कुकरच्या खोक्यांखाली.

परवा तुझा मेसेज आला: मे महिन्यात सईला पाठव, फळीवर उभं राहायला शिकवतो, उंची आणि वजन कळव. मी तिला भिंतीला टेकवून टेप लावला. नऊ वर्षांची पोर, फळीवर अजून पायही ठेवलेला नाही. मला विचारते, "आई, पण ती आपल्या लिफ्टमध्ये जाईल ना?"

हे मी तिला कधी शिकवलं? टेप हातात तसाच राहिला आणि मी पलंगावर बसून रडले. ती बिचारी घाबरून पाणी घेऊन आली.

घर म्हणजे काय, असं हल्ली कुणी विचारलं तर मला एवढंच सुचतं: वस्तू घेण्याआधी जिथे दार मोजावं लागत नाही ते. तिची फळी तिथेच ठेव, इकडे पाठवू नकोस. सई चार फूट तीन इंच, सत्तावीस किलो. तिला सात फुटी पुरे.

तिला सोडायला मी येईन म्हणते. कामावर सुट्टी अजून मागितलेली नाही, घरातही बोललेले नाही. माझं माप तू विचारलं नाहीस, तरी लिहून घे. पाच फूट दोन इंच, अडुसष्ट किलो. पाय सगळं विसरलेत, म्हणजे पुन्हा नवशिकीच.

नऊ फुटी ठेव.